निघालं तेवढंच तेल

कोपरापर्यंत लाल झालेले हात जुन्या लुंगीच्या फडक्याला पुसत माझा शेजारी म्हणायचा, "निघालं तेवढंच घालायचं. जास्ती नाय, कमी नाय." गाडीचं तेल बदलून झालं की हे वाक्य ठरलेलं.

मी म्हणायचो, "आता कीर्तनाला उभा राहा, तेवढंच बाकी आहे."

"मेल्या, तुला दगड फोडण्यापलीकडे काय कळतंय?"

खरंच होतं. मी चिरेखाणीत जन्म काढलेला माणूस, चौथीतून शाळा सुटलेली. बायको गेली नि घर खायला उठलं, म्हणून हे लिहायला बसलोय. तिच्या मनात हा माणूस शेवटपर्यंत सलत होता. त्याचं नाव लिहीत नाही.

मिरजोळ्यात त्याच्या नि माझ्या घरामध्ये एकच दगडी गडगा, कमरेएवढी भिंत. तो पोस्टातून निवृत्त झालेला. डावा पाय लहानपणी तापात वाळलेला, काडीसारखा. एकोणीसशे ऐंशीच्या पुढची ती वर्षं. बोटीवर नोकरी करणाऱ्या भाच्याने त्याला मुंबईहून एक छोटी परदेशी गाडी आणून दिली, जुनीच. तिला क्लच नव्हता, गिअर आपले आपण पडायचे. डाव्या पायाला कामच नाही. पहिल्यांदा तो बाजारापर्यंत जाऊन आला तेव्हा गाडीतून उतरेचना. नुसता बसून हॉर्न वाजवत होता. तुम्ही असता तर हसला असता की नाही सांगा. आख्खी आळी हसली.

गॅरेजवाले त्या गाडीला हात लावत नसत. बॉनेट उघडायचे, बघायचे, परत लावायचे. म्हणून गिअरचं तेल तो घरीच बदली करायचा. मी खाणीतून चार चिरे आणून दिलेले, त्यावर पुढची चाकं चढवायची, मागच्या चाकांना दगड लावायचे. मग हा गोणपाटावर उताणा होऊन खाली सरकायचा, लंगडा पाय बाहेर. खालचा बोल्ट फिरला की घमेल्यात तेल पडायचं, कोकमाच्या आगळासारखं लाल. आत तेल किती आहे ते बघायची काठी गाडीबरोबर आलीच नव्हती, वाटेत कुठेतरी मोडलेली. म्हणून निघालेलं तेल रॉकेलच्या बाटलीने मापायचं आणि नवं तेवढंच ओतायचं. दुसरा इलाजच नव्हता.

माझ्या मुलीचं लग्न ठरलं ते पालीच्या पुढे. तो आपणहून आला. "नवरीला मी नेणार. टेम्पोतून नाय जायची ती."

माझा चुलतभाऊ तोंडाचा फटकळ. म्हणाला, "लंगड्याच्या गाडीत नवरी? बरं दिसतं काय?"

याने ते ऐकलं. मला बाजूला घेऊन म्हणाला, "मुंबईचा पोरगा सारखा मागे लागलाय, बाबा, गाडी विका, कुठेतरी मराल. एकदा ही पोर नीट पोचवली ना, की सगळ्यांची तोंडं बंद." एवढंच हवं होतं त्याला.

आदल्या दिवशी त्याने तेल काढलं. घमेलं भरत ठेवून जेवायला गेला. आमच्याकडे मांडवाच्या सुतळी-बांबूचा गोंधळ. संध्याकाळी येऊन बाटलीने मापलं तर म्हणाला, "या खेपेला कमी कसं रे निघालं?"

मी म्हटलं, "उन्हाने आटलं असेल. घाल नि मोकळा हो, मला मांडवाचं बघायचंय."

त्याने डोकं खाजवलं, आणि निघालं तेवढंच घातलं.

हातखंब्याच्या चढावर गाडी ओरडायला लागली. इंजिन बोंबलतंय, चाकं जागची हलत नाहीत. मग मागे सरकायला लागली. त्याने उजव्या पायाने ब्रेक दाबून धरला. आम्ही चाकामागे दगड घातले. मुंडावळ्या बांधलेली पोर आंब्याच्या पेट्यांच्या टेम्पोत बसून गेली. चुलतभाऊ सगळ्यांसमोर म्हणाला, "सांगितलं होतं ना मी!" हा गाडीतच स्टिअरिंगकडे बघत बसला. मुहूर्त कसाबसा गाठला. जेवणाची पुडी बांधून आणली, ती त्याने घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी गोठ्याकडे गेलो तर खांब खालपासून लाल. बायकोला विचारलं.

"वाळवी लागलेली. घमेल्यातून दोन डबे काढलं नि फासलं. टाकायचंच होतं ना ते?"

आमच्याकडे बायका असंच करतात. कुणाच्या गाडीचं जुनं तेल निघालं की मागून आणतात, लाकडाला लावतात. तिचं काय चुकलं? पण तेल कमी पडलं म्हणूनच गाडी चढली नाही, हे मी सांगितलं तशी ती तिथेच खाली बसली.

आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो. तिने सगळं सांगितलं. त्याने आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाला, "वहिनी, हे बाहेर बोलू नका."

"का हो भावोजी? माझ्यामुळे तुमची..."

"सासरी कळलं तर आईनेच खोळंबा केला म्हणतील. नव्या घरात पोरीला ऐकावं लागेल. शब्द द्या."

तिने दिला. मीही मान हलवली. मान हलवायला फार वेळ लागला नाही मला.

मुंबईचा पोरगा आला, गाडी विकून गेला. तो काठी टेकत एसटीला जायला लागला. बायको त्याच्यासमोर कधी मान वर करून उभी राहिली नाही. घावणे, मासे, सणाचं काही ना काही गडग्यावर ठेवायची आणि हाक मारून पळायची. तो ओरडायचा, "वहिनी, मी काय वाघ आहे काय?" तरी ती थांबत नसे.

तो गेला. तेराव्याला पंगत बसली होती. चुलतभाऊ भात कालवत म्हणाला, "माणूस भला, पण हट्टी. चालवता येत नसताना गाडीला हात घातला, नवरी चढावर सोडली." दोघंतिघं हसले.

बायको वाढत होती. तिने आमटीचं भांडं खाली ठेवलं. म्हणाली, "गाडी त्यांनी नाय बंद पाडली. तेल मी चोरलं. शब्द त्यांना दिला होता, आता ते नाहीत." आणि उभ्याउभ्या सगळं सांगितलं, खांबापासून शब्दापर्यंत. कुणी घास तोंडात घालीना.

त्याचा मुलगा केस काढलेल्या डोक्यावरचं उपरणं सावरत उठला. तिच्यासमोर येऊन उभा राहिला. लहान पोरासारखं विचारलं, "म्हणजे काकी, बाबांना गाडी चालवता येत होती?"

"येत होती रे बाबा," ती म्हणाली. "चांगली येत होती."