भज्जी म्हणजे भजी नव्हे

माझ्या नातीची शाळा वॉल्डॉर्फ पद्धतीची आहे. हा शब्द माझ्या जिभेवर बसेना. शेजारीण विचारायला लागली, नात कुठल्या शाळेत घातली, तर मी सांगून बसले, हवालदार शाळेत. ती म्हणाली, "मग खाकी गणवेश असंल." मी म्हटलं, "गणवेशच नाही." ती म्हणाली, "मग कसली हवालदार? फसवलं की तुमाला!"

आता माझं स्वतःचं शिक्षण म्हणाल तर चौथी. पुढचं वाचायला मला किराणा दुकानातल्या कागदी पुड्यांनी शिकवलं. साखर डब्यात ओतायची आणि पुडी उलगडून वाचायची. त्यामुळे मला सगळ्यातलं अर्धं अर्धं माहीत आहे. बातमीचं डोकं ठाऊक असतं, शेपूट दुसऱ्याच्या घरी गेलेली असते. हा स्वभाव पुढं नडला, तेच सांगायला बसलेय.

शाळा सोलापूरच्या बाहेर, ज्वारीच्या रानाला लागून. पत्र्याच्या चार खोल्या, कडुलिंबाची झाडं, मागं मुलांनी लावलेली भाजी. पुस्तकं नाहीत, मुलंच आपापली वही चितारून तिचं पुस्तक करतात. मुलगेसुद्धा सुया घेऊन विणायला बसतात. सकाळी वर्गाची ताई दारात उभी राहते आणि एकेका पोराशी हात मिळवून त्याच्या डोळ्यांत बघते, मगच आत सोडते. पहिल्या दिवशी तिनं माझाही हात धरला. मला वाटलं नाडी बघतेय. मी म्हटलं, "रात्रीपासनं जरा अंग दुखतंय."

आणि सण! प्रत्येक ऋतूचा सण. वर्गाच्या कोपऱ्यात एक छोटं टेबल, त्यावर ऋतूप्रमाणं कापड आणि त्या ऋतूतलं जे काही सापडेल ते, शेंगा, पानं, दगड. थंडीत अंधार लवकर पडतो म्हणून मुलं कागदाचे कंदील करून रानातनं गाणी म्हणत फिरतात. आमच्याकडं सण म्हणजे आधी भांडी घासणं आणि नंतरही भांडी घासणं. इथं सणाची तयारी इतके दिवस चालते की सण येईपर्यंत मीच दमते.

तुम्ही म्हणाल, आजीबाई, तुम्हाला हे आतलं एवढं कसं माहीत? तर मी त्या वर्गात रोज बसत होते. मागच्या खिडकीशी, पाटावर.

त्याचं असं झालं. नात सात वर्षांची. घरी रेडिओ, एकदा लागला की बंद होत नाही. पण आधीच्या शाळेत तिची बोलती पार बंद. वर्षभरात तोंडातनं शब्द नाही, बाईंनी नाव विचारलं तरी फळ्याकडं बघायची. म्हणून मुलानं आणि सुनेनं तिला इकडं आणली. इथं ती यायला तयार झाली, पण एका अटीवर. आजी दिसली पाहिजे. मुलांची व्हॅन दारावरनं जायची, पण ही त्यात पाय ठेवायची नाही. माझ्याबरोबर रिक्षानं यायची, रिक्षानं जायची. मी पाणी प्यायला उठले तरी मान वळायची. मग एक दिवस सून भाकरी थापता थापता म्हणाली, "आई, संक्रांतीपर्यंत बघू. तोवर तुमच्याशिवाय बसायला लागली तर ठीक. नाहीतर परत जुन्या शाळेत घालते."

"तिथं तर ती मुकी व्हायची गं."

"गप्प बसायची, पण बसायची तरी. तुम्ही काय जन्मभर पहिलीत बसणार?"

खरं सांगू? मला काही अडचण नव्हती. मी विणायला शिकत होते. ताईनं मला पण सुया दिल्या होत्या. माझ्या शेजारचा मुलगा रोज माझे सुटलेले टाके उचलून द्यायचा आणि मोठ्या माणसासारखा सुस्कारा टाकायचा. पण जुन्या शाळेतला तो नातीचा चेहरा डोळ्यासमोर आला की माझ्या सुया थांबायच्या.

मार्गशीर्ष लागला. सकाळी मुलं गोलात बसली होती. ताईनं विचारलं, आपल्या या भागात आता कुठला सण येतो? ताई नाशिककडची, पोरंही कुठली कुठली, बदलीवर आलेल्यांची. कुणालाच सांगता येईना. आणि एकदम माझ्या नातीचा आवाज आला. शाळेत पहिल्यांदा!

"येळामावस्या! रानात जायचं आणि भज्जी खायची. माझ्या आजीला सगळं येतं!"

सगळा गोल माझ्याकडं वळला. ताईचे डोळे चमकले. मी काय म्हणायला पाहिजे होतं? मी म्हटलं, "व्हय की! त्यात काय!"

आता आमच्या भागाबाहेरच्यांसाठी सांगते. वेळा अमावस्या म्हणजे उभ्या रानाचा सण. ज्वारी कमरेला लागलेली असते, शेतात कडब्याची खोप, म्हणजे छोटी झोपडी करतात, पूजा करतात, रानाच्या चारी बाजूंनी आंबील शिंपतात आणि सगळं गणगोत बांधावर जेवायला बसतं. जेवणात मुख्य म्हणजे भज्जी. ही तळलेली भजी नव्हे. ही पातेल्यातली पातळसर भाजी. पावटा, तुरीचे दाणे, वाटाणा, गाजर, वांगं, मेथी, चुका, बोरं, असेल ते सगळं एकत्र शिजवतात, चिंच घालतात आणि बेसन लावतात. बाजरीच्या भाकरीबरोबर हाणायची.

हे मला आज एवढं तोंडपाठ आहे. त्या दिवशी नव्हतं. मी वाढले गिरणीच्या चाळीत, रान बघितलं ते लग्नानंतर. सासर अक्कलकोटकडचं. आम्ही शहरात राहायचो आणि दर येळामावस्येला गावी जायचो ते जेवायला. माझी मोठी जाऊ पहाटेपासून चुलीपुढं. मी जरीची साडी नेसून पातेलं उतरायच्या बेताला पोचायची. मला सतरंजी टाकायचे. माझं काम एकच, पहिला घास घेऊन म्हणायचं, "जाऊबाई, लई झकास!" दोन-तीन वर्षांपासून नात पण बरोबर यायची, तिला वाटायचं आजी म्हणजे या सणाची मालकीण.

वॉल्डॉर्फच्या लोकांचा एक दोष आहे. सगळं खरं धरून चालतात. ताई दुपारी माझ्यासमोर येऊन बसली.

"आजी, भज्जीला काय काय लागतं?"

"सगळ्या भाज्या. एक पण सुटता कामा नये."

"आणि?"

"बेसन."

"तेल?"

"भरपूर!" हे मी नुसत्या आत्मविश्वासानं सांगितलं.

"मग प्रत्येक घराला एकेक भाजी वाटून देऊ?"

"वा! अगदी आमच्या गावाकडं करतात तसंच." आमच्या गावाकडं असं कुणी करत नाही.

त्यानंतरचे दिवस नातीचे होते. मधल्या सुट्टीत पोरं तिच्याभोवती. ती हात पसरून सांगायची, "एवढं मोठं पातेलं असतंय. भज्जी हिरवी असती. मधीच बोर लागतं, मग बी थुकायची, लांब! मोठी माणसं पण थुकतात!" पोरं गार. मी लांबनं बघायची आणि मनात म्हणायची, सूनबाई, बघ आता. तरी बोलता बोलता तिची मान वळायचीच. आजी आहे का? आहे.

सणाचा दिवस उजाडला. रानाच्या कडेला मुलांनी कडब्याची खोप केली होती. सतरंज्या घातल्या. आई-बाप डबे घेऊन यायला लागले, आमच्याकडची दोघं तेवढी कामावर, आणि एकेक झाकण निघालं.

पहिल्या डब्यात वांग्याची भजी. दुसऱ्यात पालकाची. मग बटाटा, गाजर, कांद्याची पात. एक बँकेतले गृहस्थ, बदलीवर आलेले, कपाळाला पीठ लागलेलं, म्हणाले, "आम्हाला दोडका आला होता. पहाटेपासून तळतोय." आणि एका बिचारीच्या वाट्याला बोरं आली होती. तिनं बोराची भजी केली होती. बीसकट.

त्यांची काय चूक? सगळ्या भाज्या, बेसन आणि भरपूर तेल. शहाण्या माणसाला यातनं भजीच सुचणार. एरवी या शाळेत तळलेलं आणायला बंदी, त्यामुळे पोरांची चंगळ. पण एक मुलगी डबे बघून झाल्यावर नातीला म्हणाली, "पातेलं कुठंय?"

दुसरा म्हणाला, "हिरवी असती म्हणालीस की."

तिसरा म्हणाला, "ही खोटंच सांगत होती."

नातीनं माझ्याकडं बघितलं. तिचं तोंड मिटलं. ते मिटणं मी ओळखते. जुन्या शाळेतनं घरी येताना ते तसंच असायचं.

ताई आनंदानं विचारत होती, "आजी, बरोबर झालंय ना सगळं?"

माझ्या जिभेवर आलंच होतं, "हो हो, अशी पण करतात!" माझी अब्रू वाचली असती, आई-बापांचे कष्ट कारणी लागले असते. पण मग खोटी कोण ठरली असती? माझी पोर. आणि संक्रांत काही लांब नव्हती.

मी म्हटलं, "ती खरं बोलली. हिरवी असती आणि पातेल्यातच असती. घोळ माझा झालाय. मला भज्जी येत नाही. मला फक्त खायला येते."

बांधावरच्या टिटवीलाच लाज वाटून ती उडून गेली. बँकवाले हळूच म्हणाले, "म्हणजे दोडका..."

"दोडका वाया गेला न्हाय," मी म्हटलं. "छान दिसतोय."

ताई रागावली नाही. वर सांगितलं ना, सगळं खरं धरणारी बाई. तिनं शांतपणे विचारलं, "मग येतं कुणाला?"

नात पुटपुटली, "मोठ्या आजीला."

लावला जावेला फोन. ती पण त्या वेळी रानातच, चुलीपुढं. ताईनं स्पीकरवर टाकला. मला कल्पना असती तर मी टाकू दिला नसता.

"जाऊबाई, भज्जी कशी करायची हो?"

पलीकडं आधी वारा ऐकू आला. मग हसू. मग ती कुणाला तरी हाक मारून सांगतेय, "अगं ए, हितं ये! धाकटी भज्जी करायलीय म्हनं!" आणि मग मला, "का गं? शाळेत सैपाकीन म्हनून ठिवलंय का तुला? त्यास्नी म्हनावं, हिनं कदी उलातनं धरलं न्हाय!"

"जाऊबाई, सगळे ऐकायलेत."

"ऐकू दे की! खरं हाय तेच बोलतीया! सतरंजी टाकली का न्हाय तिथं तुला?"

टाकली होती. पालक मंडळी दुसरीकडं बघत हसत होती. ताईनं फोन उचलला आणि नातीच्या हातात दिला. का दिला कुणास ठाऊक. बहुतेक माझ्या हातात द्यायची सोय उरली नव्हती.

"मोठी आजी, पहिल्यांदा काय?"

"तू हायस व्हय? बग बाळा, माझं पातेलं आता चुलीवर हाय. मी करते तसं तुमी करा. दाणे हायती का?"

नातीनं मान वर केली आणि ओरडली, "पावटे! कुणीतरी पावटे आणा!"

पोरं मागच्या वाफ्यांकडं पळाली. मेथी आली, चुका आला, गाजरं मातीसकट आली. बँकवाल्यांनी तीन दगड मांडून चूल पेटवली, वर शाळेचं मोठं पातेलं चढवलं. उरलेलं बेसन एकीच्या पिशवीत होतंच. पलीकडनं जाऊ सांगायची, इकडं नात हुकूम सोडायची. मी मदतीला गेले तर म्हणाली, "आजी, तू बस." मी सतरंजीवर बसले. सवयीची जागा.

शेवटी चव. आता आली पंचाईत. जावेला फोनवरनं चव कळणार कशी? तिथं भज्जी खाल्लेली माणसं दोनच, मी आणि नात. आणि माझा शब्द तर सकाळीच बाद झालेला. मग पळी नातीपुढं आली. अख्खा वर्ग तिच्या तोंडाकडं बघत उभा. तिनं फुंकर मारली, खाल्लं, डोळे मिटले.

"अजून न्हाय. आंबट कमी हाय."

चिंच पडली. परत पळी.

"अजून न्हाय."

ज्यानं तिला खोटारडी म्हटलं होतं तोच आता पळी धरून होता. म्हणाला, "नीट सांग हं. घाई करू नको."

तिसऱ्या पळीला ती म्हणाली, "झाली!" आणि पोरांनी जो आरडाओरडा केला तो पलीकडं जावेनं ऐकला. तिनं विचारलं, "कोन पडलं का काय?"

आंबील शिंपून झाली, जेवणं झाली. पोरांनी बोरांच्या बिया थुकायची शर्यत लावली, ताईनंही एक थुकली. मी वाटीतली भज्जी खाऊन सवयीनं म्हटलं, "लई झकास!" शेजारचा विणकामवाला मुलगा म्हणाला, "तुम्हाला कसं कळणार? तुम्हाला तर येत नाही."

मग माझ्या लक्षात आलं, बराच वेळ नातीची मान वळली नव्हती. मी मुद्दाम खोपीमागं जाऊन उभी राहिले. कुणी शोधायला आलं नाही. बराच वेळ उभी होते, मुंग्या चावल्या तेव्हा बाहेर आले.

सुटायच्या वेळी ती धावत आली. हातावर पीठ, गालावर काजळी.

"आजी, मी व्हॅननं चालले. आमचं बोलणं संपलं नाही अजून."

"आणि मी?"

"तू ये की रिक्षानं." दोन पावलं जाऊन परत आली. "आणि उद्या येऊ नकोस. लागलीस तर बोलवते."

व्हॅन गेली. खिडकीतनं चार-पाच हात हलले, त्यातला तिचा कुठला ते काही मला ओळखता आलं नाही. नेहमीचा रिक्षावाला फाटकाशी थांबला होता. मी उरलेल्या भज्यांचे डबे घेऊन एकटीच चढले तसा तो मागं वळला.

"मावशी, पोरगी कुटं हाय?"

"गेली पुढं. उद्यापासून यायला नको तुम्ही. माझी शाळा संपली."

"पास झालात काय?"

"काढून टाकलं," मी म्हटलं, आणि डबा पुढं केला. "घ्या, दोडक्याचं भजं घ्या. पहाटेपासून तळलंय."