सौरपंप आणि सासूबाईंचा हिरडा

डिंभे धरणाच्या वरच्या अंगाच्या एका वाडीत विहिरीवर सौरपंप बसला, तेव्हा त्याची देखभाल उज्ज्वलाकडे आली. घोडेगावला जाऊन ती शिकून आली होती. बायकांनी विचारलं, हे चालतं कसं? तिनं पंपाशेजारच्या काळ्या सौर पत्र्यांकडे बोट करून झटकन सांगून टाकलं, पत्रा तापला की पाणी चढतं. चुलीपुढे जन्म गेलेल्या बायकांना ते लगेच पटलं.

चैत्रात मात्र टाकी भरेना. वरच्या आळीच्या नळाला थेंब येईना, बायका पुन्हा हंडे घेऊन चढण चढू लागल्या. पंप काढा, जुनं डिझेल इंजिनच बरं, अशी बोलणी सुरू झाली. वाडीतला भिका येता-जाता विचारी, “उज्ज्वले, तुझा सूर्य अर्ध्या पगारावर आला का काय?”

तिनं तारा तपासल्या, मोटर तपासली. दोष सापडेना. सकाळी पंप चालू करून ती रानात जाई, त्यामुळे दुपारी तिथं काय चालतं ते तिला ठाऊक नव्हतं. एकदा लवकर परतली, तर एका पत्र्यावर गोणपाट पसरून हिरडा वाळत घातलेला. घालणाऱ्या तिच्या सासूबाई, साळुबाई. तिथं शेळ्या पोचत नाहीत आणि वाळतोही लवकर.

हिरडा काढा म्हटल्यावर साळुबाई शांतपणे म्हणाल्या, “तूच म्हणली व्हतीस, तापला की चढतं. तापलाय की. हात लावून बघ.”

बाकीच्यांनीही साळुबाईंचीच बाजू घेतली. पत्रे एवढे, त्यातला एक झाकला तर काय बिघडतं? चारचौघांत सासूशी वाद घालणं उज्ज्वलाला नको होतं.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर तिनं सुचवलं की प्रत्येकीनं चढण्यापेक्षा रांग लावू. हंडे हातोहात वर जाऊ लागले. मग तिनं मधे उभ्या असलेल्या साळुबाईंना म्हटलं, आत्या, तुम्ही जरा टेका. साळुबाई बसल्या. खाली भरलेले हंडे तुंबले. रांगेच्या वरच्या टोकाच्या अंजनानं विचारलं, खाली समद्या झोपल्या का?

उज्ज्वला म्हणाली, “पत्रे असेच रांगेत जोडलेत. उन्हाच्या उजेडानं वीज बनती, ती याच्या हातून त्याच्या हातात जाती. उजेड झाकला, की तो पत्रा बसला. नुसतं तापून उपयोग न्हाई.”

साळुबाईंनी बसल्या जागेवरून खाली पाहिलं, वर पाहिलं.

“म्हंजी मी बसले, की समद्यांचं हात रिकामं.” मग सुनेकडे वळून, “आधीच असं सांगायचं व्हतं. ताप ताप कशाला म्हणलीस?”

“चुकलं आत्या. सोपं करायला गेले.”

हिरडा घराच्या कौलांवर गेला. दुसऱ्या दिवशी ऊन कलायच्या आत वरच्या आळीचा नळ वाहू लागला, आणि इंजिनाची बोलणी आपोआप थांबली.

आता दुसऱ्या वाडीची माणसं पंप बघायला आली, की उज्ज्वलानं तोंड उघडायच्या आत साळुबाई त्यांना रांगेत उभं करतात. मधे बसतात मात्र स्वतःच.