पाण्याचे तांबे मोजणारा साडू

माझ्या साडूइतका उंदरांत रमलेला माणूस अख्ख्या खानदेशात नसेल, आणि असलाच तर त्याला बायकोने कधीच घराबाहेर काढला असेल. धुळ्याच्या एका औषधांच्या कॉलेजात तो पांढरे उंदीर सांभाळतो. तिथल्या मॅडम उंदरांना सुई टोचून साखरेचा आजार लावतात, मग अर्ध्यांना डोळे वाचवायचं नवं औषध देतात आणि अर्ध्यांना नुसतं पाणी. कोणाला काय, हे साडूला सांगत नाहीत. सांगितलं तर हा आपले लाडके औषधवाल्यांत सरकवेल, हे त्यांनी बरोबर ओळखलंय. उंदरांच्या शेपटीवर फक्त शाईच्या रेघा असतात, पण यानं सगळ्यांना सासुरवाडीची नावं ठेवली. चावऱ्याला माझं. पोरीच्या लग्नातसुद्धा अत्तर लावलं नाही, म्हणे, "उद्या ड्यूटी शे, वासनी उंदीर घाबरतस." घरीही इतका हळू बोलतो की बायकोला वाटतं, काहीतरी लपवतोय.

साखर चढलेला उंदीर बाटलीच्या बाटली पाणी पितो आणि खालचा भुसा ओला करतो. तो भुसा बदलून बदलून याला माणसंही तशीच दिसायला लागली. जळगावच्या एका लग्नात हा नवरदेवाच्या मामामागे उभा राहून पेले मोजत होता. पाचव्याला कानाशी जाऊन म्हणाला, "नाना, लघवी तपाशी ल्या." मामा ताटावरून उठला. त्याची समजूत काढेपर्यंत वरणबट्टी गार झाली.

तसाच एकदा माझ्या घरी म्हणाला, "भाऊ, अक्का भलती पाणी पेस. साखर तपाशी ल्या." मी म्हटलं, "माझी बायको तुला उंदीर दिसते का?" ती हसली, मीही हसलो. हसण्यात दीड वर्ष घालवलं. मग तपासलं, तोवर डोळ्याचा पडदा खराब झालेला.

मी तडक धुळ्याला गेलो. म्हटलं, ते औषध दे थोडं. अंगावरचा सदरा काढून देणारा माणूस, पण नाही म्हणाला. "हाई उंदीरसनं औषध शे, भाऊ. अक्का मानूस शे." मी पिंजऱ्यांसमोर उभा राहून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तो एवढंच म्हणाला, "हळू बोला."

त्यानंतर दर रविवारी जळगावला आमच्याकडे यायचा. मी बोलायचो नाही. तो तिच्याशी बोलायचा, तिच्या नावाच्या उंदरिणीच्या गोष्टी सांगायचा. तिला आता दिसत नव्हतं, पण रविवारची वाट बघायची. पुढे मॅडमनी यादी उघडली. तिच्या नावाची औषधवाल्यांत निघाली, डोळे शाबूत. हे त्यानं मान खाली घालून सांगितलं, जसा काही गुन्हाच केला. तिनं चाचपडत त्याचा हात धरला. "चला, एकीचे तरी वाचले."

ती गेली त्याला वर्ष होईल. साडू अजून येतो. परवा मी पाण्याला उठलो तर पुटपुटला, "हाऊ चौथा तांब्या." या वेळी मी हसलो नाही, त्याच्यासोबत तपासायला गेलो. साखर निघाली. डॉक्टरांनी पडदा बघायला डोळ्यांत थेंब टाकले तसं सगळं धुरकट झालं. साडूनं हात धरून रिक्षापर्यंत आणलं. मी विचारलं, हे असं किती वेळ?

"संध्याकाळपर्यंत, भाऊ. मंग बठ्ठं दिसी."

संध्याकाळी खरंच सगळं दिसलं. भिंतीशी उभी करून ठेवलेली तिची खाटसुद्धा.