उंदरांना सव्वा महिना नसतो

माझा नवरा उंदरांची लग्नं लावायचा.

हसू नका. म्हणजे हसलात तरी चालेल, त्यांनाही चालायचं.

आज त्यांना जाऊन एक वर्ष झालं.

राहनाळच्या गोदामात सुपरवायझरची ड्युटी. तिथे उंदीर पकडायचे सापळे लावणं हेही त्यांचंच काम. आणि घरी आले की हातपाय धुऊन पाळलेल्या उंदरांसमोर बसायचे. पांढरे, करडे, बोलावलं की हातावर येणारे.

शेजारच्या भोईरवहिनी दारातूनच ओरडायच्या, "भावजी, गाव उंदरांना औषध घालतंय न् तुमी त्यांची सोयरीक जुळवताय? मानपान काय ठरलाय?"

"नवरीनं होकार दिला की कळवतो, वहिनी."

ते थट्टा करत नव्हते. मादी दर चार-पाच दिवसांनी माजावर येते. त्याआधी नर जवळ गेला तर लाथ मारते. माजावर आली की कान थरथरवते, तुरुतुरु पळते, थांबते, मागे बघते.

हे स्टुलावर बसून बघायचे आणि वहीत लिहायचे. घाई कधीच नाही.

कोणी जोडी मागितली तर आधी प्रश्न, "पिल्लं झाली तर ठेवणार कुठे?" उत्तर नाही तर जोडी नाही.

मी सातवी शिकलेली. उंदरांवरचं मिळेल ते वाचायला लागले, ह्यांच्याशी बोलता यावं म्हणून.

तरी चूक माझ्याच हातून झाली.

ह्यांना अ‍ॅडमिट केलं तेव्हा चिमी गाभण होती. ह्यांची सगळ्यात लाडकी. जाताना म्हणाले, "मंगल, ती व्यायच्या आधी नर वेगळा काढ."

मी नाही काढला. तो दिवसभर तिला चिकटून बसायचा. वाटलं, बाळंतपणात बाप जवळ असलेला बरा.

चिमी व्याली. बारा पिल्लं. आणि त्याच संध्याकाळी माझ्यादेखत दोघं पुन्हा एकत्र आले.

बारा अंगावर पिणारी, वर पोटात दुसरी खेप. केवढासा तो जीव!

वॉर्डात जाऊन रडत रडत सांगितलं. ह्यांच्या हाताला सलाईन.

"उंदरांना सव्वा महिना नसतो गं. व्याली की काही तासांत परत माजावर येते."

"चिमी मरेल का हो?"

"मरू द्यायची नाही. राणी चार दिवसांपूर्वी व्यालीय ना? तिच्या घरट्यातल्या चिंध्यांत चिमीची सहा पिल्लं घोळव, मग राणीजवळ ठेव. चिमीला रोज उकडलेलं अंडं. नर काढलास?"

"काढला."

"बापाला वाईट वाटलं असेल," म्हणाले आणि हसले.

राणीनं सहाही पोटाशी घेतली. चिमी वाळली, केस विरळ झाले, पण तगली.

पंचविसाव्या दिवशी दुसऱ्यांदा व्याली तेव्हा हे घरी आले होते. दिवसभर स्टूल सोडलं नाही. पाच पिल्लं. चिमी उठून अंडं खायला लागली तेव्हा कुठे ह्यांनी वही मागितली.

लिहिलं, "नर वेळेत काढला नाही. चूक माझी. काय करायचं ते सांगितलं, का करायचं ते सांगितलं नाही."

मी म्हटलं, "माझं नाव लिहा की."

"वही माझी आहे," म्हणाले.

दोन महिन्यांनी हे गेले.

परवा पूर्णा गावातून एका मुलीचा फोन आला. ह्यांच्याकडून पिल्लं नेली होती तिनं. "काकू, तुमच्या चिमीच्या नातीला दिवस गेलेत. नराला बाजूला काढवत नाही हो, किती जवळ बसतात दोघं!"

मी तिला आधी 'का' ते सांगितलं. सगळं, न लाजता.

"बाई गं! आत्ताच काढते," म्हणाली. मग म्हणाली, "काकू, तुम्हाला किती माहिती आहे."

"आमच्या ह्यांचं आहे ते सगळं," मी म्हटलं.

अहो, तुम्हाला हात जोडून निरोप. जिथे असाल तिथे सुखात राहा.