आधी हात धू

आज सकाळी खलबत्त्यात शेंगाचटणी कुटत होते. लसूण आणि तिखटाचा वास वर आला आणि सोलापूरच्या कोर्टातली ती भेटीची खोली आठवली.

घटस्फोटानंतर माझी आठ वर्षांची प्राची तिच्या वडिलांकडे राहायची. मला महिन्यातून दोनदा तासभर भेट मिळायची. काय काय विचारायचं त्याची यादी मी करून न्यायची: दात, अभ्यास, खोकला. त्या दिवशी डब्यात चटणी-भाकरीही होती. दाराशी तिची आत्या बसली होती. प्राची प्रत्येक उत्तराआधी आत्याकडे बघायची आणि मला, सख्ख्या आईला, "तुम्ही" म्हणायची. "तुम्हीच आम्हाला सोडून गेलात," हेही तिनं पाठ केल्यासारखं सांगितलं.

मग फोन आला म्हणून आत्या बाहेर गेली. प्राची एकदम माझ्या अंगाला टेकली आणि तिनं डबा उघडला. "लई तिखट केलीस की गं, आई!" तिचं बोट चटणीत जाणार, एवढ्यात मी म्हणाले, "आधी हात धू."

ती शहाण्या मुलीसारखी बाहेर नळावर गेली. परत आली ती आत्याचा हात धरून. "मला नको. तुम्ही परत न्या."

तेव्हा मला फक्त आत्याचा राग आला होता. प्राची आता तेवीस वर्षांची आहे. दिवाळीला फोन करून विचारते, "तुम्ही बऱ्या आहात ना?" मी बरी आहे म्हणते. त्या तासात ती अर्धं मिनिट माझी झाली होती, आणि तेवढ्यात मी तिला नळावर पाठवलं.