नारळ मिळालेल्यांचं मंडळ

आमच्या पार्ल्याच्या घराच्या व्हरांड्यात तेव्हा रोज संध्याकाळी निवृत्तांचं मंडळ भरायचं. मंडळाचं खरं नाव इतकं लांबलचक होतं, की ते पाटीवर मावेना, म्हणून पाटीच लागली नाही. आम्ही घरातल्या बायका त्याला माजी मंडळ म्हणायचो. येणारा प्रत्येक जण माजी काहीतरी होता ना! माझे सासरे माजी हेडक्लार्क. अध्यक्ष माजी मामलेदार. शिवाय एक माजी हेडमास्तर, ते अजून वाक्यावाक्याला "कळलं?" विचारायचे. एकमेकांना हाकसुद्धा हुद्द्यानंच. "अहो मामलेदार, चहा गार होतोय." मामलेदारी कधीच गेली होती, पण चहा अजून मामलेदारांचाच गार व्हायचा.

आणि भिंतीवर प्रत्येकाचा निरोप समारंभाचा फोटो. अंगात कोट, गळ्यात हार, हातात नारळ आणि चेहरा असा, की घरात कोणी गेलंय. हा फोटो आणून टांगला की माणूस सभासद झाला. नियमच होता तसा.

या नियमात भांडीवाले शेठ अडकले. मूळचे मालवणकडचे, स्टेशनाजवळ त्यांचं तांब्यापितळेचं दुकान. मुलं कर्ती झाली आणि म्हणाली, "बाबा, आता आराम करा." आराम म्हणजे काय, तर दुकानाची पायरी चढायची नाही! मग घरात बसून माणूस करणार काय हो? ते स्वयंपाकघरातली भांडी बोटाच्या पेरानं वाजवून बघत बसायचे. त्यांची बायको सासूबाईंकडे येऊन रडकुंडीला आली. "काल आमटी उकळत असताना पातेला वाजवून बघल्यानी. सुनो म्हणतत, सासऱ्याक आवरा, नायतर आम्ही चललो म्हायेराक. तुमच्या मंडळात घेतल्यात तर उपकार होतले वो!"

सासूबाईंनी सासऱ्यांना गळ घातली आणि एका संध्याकाळी शेठ आले. स्वच्छ धोतर, काळी टोपी. लग्नाला आल्यासारखे.

"फोटो आणलात?" मामलेदारांनी विचारलं.

"कसलो फोटो?"

"निवृत्तीचा. व्यापारी मनुष्य निवृत्त झाला, याला पुरावा काय?"

"उद्या पुन्हा गल्ल्यावर जाऊन बसलात तर मंडळाची अब्रू काय राहिली?" हेडमास्तर म्हणाले. "कळलं?"

शेठ उभेच होते. त्यांना कोणी बसा म्हटलं नव्हतं. त्यांनी टोपी काढून हातात घेतली आणि हळूच म्हणाले, "पोरांनी माका नारळ दिल्यानी हो. फोटो तेवढो कोणी काढूक नाय."

आता, त्या काळी परक्या पुरुषांशी बायका बोलत नसत. सासूबाईंना काही बोलायचं असलं की त्या दाराआडून मला सांगायच्या, फाटकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. "सूनबाई, भिंतीवर सगळ्यांच्या हातात नारळच आहेत ना गं? ते काय चटणीसाठी दिले होते?"

"अगं, आत बस!" सासरे ओरडले.

"मी सूनबाईशी बोलतेय."

मामलेदारांनी आपल्याच फोटोकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. मग ते खाकरले आणि म्हणाले, "बसा शेठ." खुर्ची मात्र सासऱ्यांनी स्वतः उठून दिली.

पण नियम तो नियम! ठराव झाला की मंडळानंच शेठना रीतसर निवृत्त करावं. रविवारी फोटोवाला आला, हार आला, नारळ आला आणि भांडण पेटलं. नारळ द्यायचा कोणी? मामलेदार म्हणाले, हुद्द्यानं मी मोठा. हेडमास्तर म्हणाले, वयानं मी. सासरे म्हणाले, व्हरांडा माझा. शेवटी फोटोवाला कंटाळून काळ्या कापडाखालून बाहेर आला, तेव्हा कुठे सगळ्यांनी मिळून नारळाला हात लावले आणि तो शेठच्या हातात ठेवला.

शेठनी काय करावं? सवय हो! नारळ कानाशी नेला, पेरानं टकटक वाजवला आणि खूश होऊन म्हणाले, "बरो आसा!" नेमका तेव्हाच फोटो निघाला.

तोच टांगला. त्या अख्ख्या भिंतीवर हसणारा तो एकटा, आणि आपल्याला काय दिलंय ते तपासून घेणाराही तोच एकटा.