नाव आवश्यक आहे

दोन यंत्रांना एकमेकांशी बोलतं करणं हा माझा धंदा आहे. एका कंपनीचं यंत्र विचारतं, दुसऱ्या कंपनीचं उत्तर देतं. काय विचारायचं, उत्तर कुठल्या रकान्यात भरायचं, कुठला रकाना रिकामा चालेल आणि कुठला चालणार नाही, हे मी ठरवतो. ही यंत्रं क्षणात जगाच्या दुसऱ्या टोकाला निरोप पोचवतात. पण त्यांचं आपसात काय ठरलंय ते लिहून काढायला मला मात्र हैदराबाद, सोलापूर, पुणे, पुन्हा हैदराबाद असं हाडं खिळखिळी होईतो हिंडावं लागतं, कारण यंत्रांच्या मालकांना समोरासमोर बसून भांडायचं असतं.

असाच तीन आठवडे मी कमलनगरला घरी गेलो नव्हतो. सोलापुरातून परतताना पाठीनं असहकार पुकारला, तेव्हा गाणगापूर रोडला गाडीतून उतरलो आणि जीपनं मामाच्या लॉजवर गेलो. दोन दिवस पालथं पडून राहायचं, एवढाच विचार होता. पण घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं!

मामाचं लॉज आठ खोल्यांचं. गाणगापुरात दुपारी बाराच्या सुमाराला अख्खं गाव झोळी घेऊन माधुकरी मागतं. मोटारीतून आलेलेही मागतात आणि अनवाणी आलेलेही. दत्तमहाराज रोज दुपारी कुठल्या तरी रूपात भिक्षेला येतात अशी श्रद्धा आहे, त्यामुळं दारात आलेल्या कुणालाच हाकलता येत नाही. न जाणो! ज्यांना स्वतःला यायला जमत नाही ते पुण्यामुंबईहून मामाला फोन करून पैसे धाडतात, मामी रांधते आणि त्यांच्या नावानं लॉजच्या दारात वाढते.

मामी राजेश्वर गावची, लिंगायत घरातली. तिच्या माहेरी दासोह चालायचा, म्हणजे येईल त्याला जेवू घालणं. तीस वर्षं ती या दारात वाढत आलीय, आणि तीस वर्षांत तिच्या दारातून एकही माणूस रिकाम्या झोळीनं परत गेलेला नाही. ही गोष्ट ती कधी स्वतःहून सांगत नसे. मामा सांगायचा तेव्हा मात्र पदर सारखा करत ऐकत उभी राहायची. तिच्याजवळ मिरवण्यासारखं तेवढंच होतं.

मी गादीवर पडतोय न पडतोय तोच मामा उशाशी येऊन बसला.

"आरं, पुण्याचे लोक आता नुस्तं 'वाढलं' म्हणून ऐकंनात. कुणाकुणास्नी वाढलं, यादी धाडा म्हणायलेत. शेजारचा लॉजवाला फोटो धाडायलाय. तू येवढ्या मोठ्या कंपन्यांचं करतोस, मामाचं येवढं कर की."

उंटावरच्या शहाण्याला कुणी उंट दिला की तो नाही म्हणत नाही. मी पालथा पडूनच लॅपटॉप उघडला. भक्त पुण्यात नोंद करणार, ती मामीच्या फोनवर येणार, मामी वाढणागणिक एक नोंद टाकणार आणि त्याच क्षणी भक्ताला निरोप जाणार. फार सोपं होतं. मामानं ते अवघड केलं.

"एक रकाना आणखी घाल," तो म्हणाला. "दत्तमहाराज आल्ते का? व्हय किंवा न्हाई."

"ते कोण भरणार?"

"तुझी मामी."

"तिला कसं कळणार?"

"न्हाई कळलं तर 'न्हाई' लिहील." मग स्वतःच दचकला. "पण दोनशे वाढणं अन् दोनशे येळा 'न्हाई' गेलं, तर गिऱ्हाईक पुढच्या खेपेला शेजाऱ्याकडं जाईल की रे."

"मग 'हो' लिहू?"

"देवाच्या बाबतीत खोटं कसं लिहायचं?"

या एका रकान्यावर आम्ही दोन तास घालवले. मोठमोठ्या कंपन्यांत माझं एवढं डोकं कुणी खाल्लं नव्हतं. शेवटी मी तिसरा पर्याय काढला, 'सांगता येत नाही', आणि तो आधीपासूनच भरलेला ठेवला. मी आजवर तयार केलेल्या रकान्यांत एवढा प्रामाणिक रकाना दुसरा नाही.

नावाचा रकाना मात्र मी सक्तीचा केला. मामानं सांगितलं म्हणून नव्हे, माझ्या हौसेनं. रिकाम्या रकान्यांनी माझे इतके रविवार खाल्ले आहेत की रिकामा रकाना दिसला की माझं पित्त खवळतं. नाव भरल्याशिवाय नोंद पुढं सरकणारच नाही आणि खाली लाल अक्षरांत येईल : नाव आवश्यक आहे.

मामीला फोन दाखवला तर तिनं हात मागं घेतला.

"कामून इचारायचं नाव? माणूस जेवायला आलाय, सोयरीक जुळवायला न्हाई."

"मामी, एका शब्दाचं तर काम."

"आमचे आप्पा सांगायचे, दारात उभारलेल्याला नाव इचारू न्हाई. उपाशी माणसाला नाव सांगायची लाज वाटती."

"आता काळ बदलला," मामा म्हणाला. हे वाक्य कुठल्याही बायकोला गप्प करायला पुरतं. मामी मामाचा चष्मा लावून फोन शिकायला बसली.

दुसऱ्या दिवशी बाराला दारात रांग लागली. हुग्गी म्हणजे गव्हाची खीर, भाकरी, शेंगाची चटणी. मामीच्या एका हातात फोन, दुसऱ्यात पळी, नाकावर घसरणारा चष्मा. मी आतल्या कट्ट्यावर लॅपटॉपवर नोंदी येताना बघत होतो. एक नाव, एक गाव. एक नाव, एक गाव. छत्तीस झाल्या. मग नोंद थांबली आणि माझ्या पडद्यावर लाल ओळ उमटली. मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू? सक्ती बरोबर चालत होती.

बाहेरून मामीचा आवाज आला. "नाव सांगा की. फोन घेईना झालाय. गाव तरी?" मग थोड्या वेळानं, "अहो! अहो, थांबा की!"

मी बाहेर आलो तेव्हा रांग आपली पुढं सरकली होती. मामीच्या पळीतली हुग्गी थिजत होती.

"गेला," ती म्हणाली. "रिकामा गेला."

फोन तिनं उंबऱ्यावर ठेवला आणि उरलेल्या रांगेला काही न विचारता वाढलं. मग आत जाऊन भिंतीकडं तोंड करून बसली. जेवली नाही. मी पाणी दिलं तर तांब्या नुसता हातात धरून राहिली. मला इतकी शरम वाटली की पाठदुखी विसरून मी तसाच चपला घालून बाहेर पडलो. त्या माणसाला शोधून आणायचंच.

कोपऱ्यावर पोचल्यावर लक्षात आलं की मी त्याला पाहिलेलंच नाही. मी तर लॅपटॉप बघत होतो. परत जाऊन मामीला विचारायचं तोंड नव्हतं. म्हटलं, दिसेल त्याला विचारू, ओळखायला मामी आहेच.

"आज तुम्ही कुणाला नाव सांगितलं नाही का?" असं मी रस्त्यावरच्या झोळीवाल्यांना विचारत सुटलो. एक निवृत्त साहेब म्हणाले, मी कुणालाच सांगत नाही, लगेच कर्जाचे फोन सुरू होतात. एक गोसावी म्हणाला, नाव सोडूनच आलोय बाबा. एक तेलुगू गृहस्थ मी काय विचारलं ते न कळता आनंदानं 'हो' म्हणाले. एका बाईनं विचारलं, "पण बाप्याच होता कशावरून?" शेवटी एका हारवाल्याकडं माईक दिसला. हरवलेल्या माणसांना तो त्यावरून पुकारायचा.

"नाव काय त्यांचं?" त्यानं विचारलं.

"तेच तर माहीत नाही."

"मग काय पुकारू, अण्णा?"

माझ्या तोंडून जे निघालं ते त्यानं जसंच्या तसं पुकारलं, आधी मराठीत, मग कन्नडमध्ये : "आज दुपारी ज्यांनी नाव सांगितलं नाही, त्यांनी हारवाल्याच्या दुकानापाशी यावं. जेवणाची सोय आहे."

चाळीस-पन्नास माणसं जमली. प्रत्येकाचं म्हणणं, तो मीच. दोघांची तर खरा कोण यावरून हमरीतुमरी झाली. अख्खी वरात घेऊन मी लॉजवर आलो. मामानं कपाळावर हात मारला. मामीनं मात्र पुन्हा चूल पेटवली, उरलेलं सगळं पीठ मळलं आणि एकेकाला बसवून पोटभर वाढलं. वाढताना ती प्रत्येकाच्या तोंडाकडं बघत होती. एकेकापाशी इतकी रेंगाळत होती की माणसं अवघडून खाली बघत.

शेवटचा माणूस हात धुवून गेला तसा मी तिच्याजवळ गेलो.

"मामी, होता का ह्यात?"

"मला काय ठाव," ती म्हणाली. "म्या त्याच्या तोंडाकडं बघितलंच न्हाई रे. फोनात बघायलते."

ती हे रागानं म्हणाली असती तर मला सोसलं असतं. ती माझी माफी मागितल्यासारखं म्हणाली.